आतून आलेली ओ

१

नाहीरावांचं खरं नाव त्यांच्या दाराच्या पाटीवर होतं, आणि ते तिथून कधी खाली उतरलंच नाही. घरीदारी, कामावर, सासुरवाडीला सगळे त्यांना नाहीरावच म्हणत. त्याला कारणं दोन. एक म्हणजे त्यांचं काम. दुसरं म्हणजे त्यांचं मत.

काम असं की, एखाद्या इमारतीतल्या लाकडाला कीड लागली, की ती इमारत सगळीकडून चिकटपट्टी लावून बंद करायची आणि आत विषारी गॅस सोडायचा. त्याआधी एक माणूस एकटाच आत जातो. खोली न खोली फिरतो, प्रत्येक खोलीत "कोणी आहे का आत?" अशी हाक मारतो, बाहेर येतो, दारात उभा राहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तीन वेळा म्हणतो, "आत कोणी नाही." मग गॅसचा नळ उघडायचा. कागद, सह्या, शिक्के सगळं नंतर, आधी जिभेवरचा शब्द. हा शब्द म्हणणारा शेवटचा माणूस म्हणजे नाहीराव. त्यांचे केस पिकले या कामात, पण शब्द कधी खोटा पडला नव्हता.

मतही त्याच शब्दाचं. देव नाही.

"अगं," ते बायकोला म्हणत, "रिकाम्या जागेत हाका मारण्याचा माझ्याइतका अनुभव कुणाला आहे सांग. एकदा तरी कुणी ओ दिली का? हे विश्व म्हणजे तरी काय, एक मोठ्ठं गोदाम."

"इतकी खात्री?"

"शंभर टक्के."

"एखादा टक्का तरी शिल्लक ठेवा हो. अडीअडचणीला होतो."

बायको भाविक. कोपऱ्यात तिचा छोटा दिवा असे. तिचे काही ना काही नेम चालू असत. कधी गोड सोडलेलं, कधी उशी सोडलेली. गंमत म्हणजे त्या दिव्याची काच रोज पुसायचे ते नाहीराव. "देवासाठी नाही, तुला उजेड पडावा म्हणून," असं बजावून पुसायचे आणि तिच्याहून लख्ख पुसायचे. एकूण काय, दोघांचं छान चाललं होतं. त्या घरात भांडण झालं तरी शेजाऱ्यांना हसण्याचाच आवाज जायचा.

त्या महिन्यात बायकोचा नेम होता मौनाचा. उठल्यापासून दुपारपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. नाहीरावांना आयतंच सापडलं. कामावर निघताना त्यांनी बूट चढवले, दारात उभे राहिले आणि अगदी कामावरच्या आवाजात हाक मारली, "कोणी आहे का आत?"

उत्तर कसलं येतंय.

"आत कोणी नाही," नाहीरावांनी जाहीर केलं.

आतून एक मोजा गोळा होऊन आला आणि नेमका त्यांच्या कानावर बसला. त्या मोज्यावर हसत हसतच ते जिना उतरले.

२

त्या दिवशीचं काम होतं एका जुन्या नाट्यगृहाचं. लाकडी रंगमंच, लाकडी सज्जा आणि लाल मखमलीच्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा. पोखरणाऱ्या किड्यांना याहून मोठी मेजवानी कोण देणार. खेळ बंद होते. खिडक्यांना, झरोक्यांना पट्ट्या लावून झाल्या होत्या. वीजही तोडलेली होती. बाहेर लख्ख सकाळ, आणि दार ओलांडलं की मिट्ट काळोख.

कामगारांचा मुकादम म्हणजे नाहीरावांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला थट्टेवाचून श्वास घेता येत नसे.

"जा भावोजी. आणि देव भेटला तर माझा निरोप सांगा, एक बदली करायची आहे म्हणावं."

"भेटला तर तुझ्या हातातली पट्टी देतो त्याला. निदान नीट तरी चिकटवेल."

नाहीराव बॅटरी घेऊन आत गेले. मास्क गळ्यात लोंबत होता. तिकिटांची खिडकी, मागचा बोळ, आरशांच्या खोल्या, रंगमंचाखालची जागा, सज्जा. "कोणी आहे का आत?" हाक मारायची आणि पुढे व्हायचं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नियम असा होता की हाक मारून जागेवर थांबायचं. आपलाच आवाज पुरता विरेपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतरही थोडं. नवीन असताना नाहीराव थांबत. पुढे पुढे त्यांचं थांबणं सुटलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपोआपच. उत्तर काय येणार हे आधीच माहीत असलेला माणूस थांबेल कशाला? एका खोलीतली हाक विरायच्या आत ते दुसऱ्या खोलीत असत. त्यांच्या बुटांच्या आवाजात त्यांची हाकही धड त्यांना ऐकू येत नसे.

प्रेक्षागृहाच्या मधल्या वाटेवरही ते तसेच हाक मारून पुढे सटकले असते. पण गळ्यातल्या मास्कचा पट्टा एका खुर्चीच्या हातात अडकला. झटका बसला, ते मागे ओढले गेले आणि वाकून पट्टा सोडवायला लागले.

म्हणजे थांबले.

आवाज विरला. काळोख नीट बसला. आणि त्यानंतरच्या त्या थोड्याशा वेळात आवाज आला,

"ओ."

मोठा नव्हे. लांबून आलेलाही नव्हे. शेजारच्या खोलीत हात ओले असलेलं माणूस हाकेला जशी ओ देतं, तशी. आणि त्या आवाजात एक गोष्ट अशी होती, जी नाहीरावांना कुणाला समजावून सांगता आली नाही. तो आवाज फार खूश होता.

३

नाहीराव भ्याले नाहीत. निदान लगेच नाही. ते हिशेबी डोक्याचे. पट्टा हातात धरून त्यांनी एकेक शक्यता निकालात काढायला घेतली.

प्रतिध्वनी? प्रतिध्वनी आपलीच शेपटी परत देतो. 'आत' म्हटलं तर 'आत' येईल, 'ओ' कुठून येईल? कबुतर? झरोके कालच बंद केलेत, आणि कबुतराच्या आवाजात एवढी अदब नसते. पाइपमधली हवा? पाण्याचा पाइप या बाजूला नाहीच. बाहेरच्या कुणाची चेष्टा? मेहुण्याची तर नक्कीच.

"अरे, पुरे झाली चेष्टा," ते काळोखाला म्हणाले. "बाहेर ये. इथे खेळ नाही चालला."

काळोख गप्प. पण मघाच्या आणि आताच्या गप्प राहण्यात फरक होता. मघाचं गप्प राहणं रिकामं होतं. आताचं गप्प राहणं म्हणजे हसू दाबून धरलेल्या माणसाचं.

त्यांनी बॅटरी फिरवली. त्या खुर्च्या अशा होत्या की माणूस उठला की त्यांची बैठक स्प्रिंगने आपोआप वर मिटते. म्हणून रिकामं नाट्यगृह म्हणजे मिटलेल्या खुर्च्या. सगळ्या मिटलेल्याच होत्या. फक्त पुढच्या रांगेत, वाटेच्या कडेला, एका खुर्चीची बैठक खाली होती.

स्प्रिंग गेली असेल. त्यांनी जाऊन बैठक वर केली, ती खाडकन मिटली. हाताने खाली दाबली आणि सोडली, पुन्हा खाडकन. स्प्रिंग चांगली खणखणीत. झालं तर मग. एखादा किडा अडकला असेल, निघाला असेल. नाहीरावांनी समाधानाने मान हलवली आणि पाठ फिरवली.

मागे आवाज झाला. खाडकन नव्हे. सावकाश. शेजाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून एखादं जाणतं माणूस हळूच टेकतं, तसा.

वळून पाहिलं. ती खुर्ची मिटलेलीच होती. तिच्या शेजारची खाली होती.

या वेळी त्यांनी बैठकीवर तळवा ठेवला. मखमल कोमट होती.

बसमध्ये डुलकी लागून शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं पडावं आणि जाग यावी, तसा त्यांनी हात मागे घेतला. तोंडातून शब्द गेले, "माफ करा हं."

आणि मग मात्र त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कारण हे शब्द त्यांनी कुणाला उद्देशून म्हटले होते?

४

"आवाज आला?" मेहुणा म्हणाला. "कुणाचा?"

"ते कळलं असतं तर नाव नसतं का सांगितलं?"

"भावोजी, ऊन लागलं तुम्हाला."

"मी काळोखात होतो."

"मग काळोख लागला."

पण मेहुणा कितीही थट्टेखोर असला तरी कामाला चोख होता. गॅस म्हणजे पोरखेळ नव्हे. आत कुणी भिकारी झोपलेला असेल, कुणी घरातून रुसून आलेलं असेल, तर तो माणूस पुन्हा बाहेर यायचा नाही. त्याने सगळ्यांना आत घेतलं. रंगमंचाखाली, सज्ज्यात, पडद्यांच्या घड्यांत, जिथे मांजर मावेल तिथेही पाहिलं. कुणी नाही. खुर्च्या एकूण एक मिटलेल्या. नाहीरावांनी ती खुर्ची दाखवली, तिच्यावर मेहुणा स्वतः बसला, उठला, ती मिटली.

"थंडगार आहे," तो म्हणाला. "चला, शब्द म्हणा आणि मोकळे व्हा."

सगळे बाहेर आले. नळावर माणूस उभा राहिला. नाहीराव दारात आले, छाती भरून घेतली.

"आत कोणी नाही."

कामगारांनी माना हलवल्या.

"आत कोणी नाही."

तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि शब्द निघेना. त्यांना एकच दिसत होतं: आपण 'नाही' म्हणायचं, नळावरचा पोरगा नळ फिरवणार, आणि आत जे कोणी एवढ्या आनंदाने ओ देऊन गेलं ते तिथे बसलेलं असणार. मखमल कोमट करत. वाट बघत, की हाक मारणारा पुढे काय म्हणतो.

आणि 'आहे' म्हणावं, तर कोण आहे? काय दाखवायचं? जन्मभर शंभर टक्के सांगत आलेला माणूस एका खुर्चीपायी नव्व्याण्णववर यायचा?

"भावोजी?" मेहुणा म्हणाला.

नाहीरावांनी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि पायरीवर बसले.

५

बायको डबा घेऊन आली तेव्हा सूर्य डोक्यावर येऊन पुढे सरकला होता, म्हणजे तिचं मौन सुटलं होतं. सकाळपासूनचं साठलेलं सगळं बोलायचं म्हणून ती घाईघाईने आली होती. पण पायरीवर बसलेला नवरा पाहिला आणि तिने डबा बाजूला ठेवला.

"काय झालं?"

त्यांनी सांगितलं. ओ, खुर्ची, कोमट मखमल. 'माफ करा' तेवढं गाळलं.

"आवाज कसा होता?"

"खूश होता," नाहीराव म्हणाले, आणि त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. "म्हणजे बघ, कुणाला तरी फार दिवसांनी कुणी हाक मारावी... तसा."



"मी इतकी वर्षं हाका मारते," बायको म्हणाली. "मला नाही कधी आली ओ. आणि तुम्हाला आली. चांगला आहे की न्याय."

ती हसत होती. पण नाहीरावांना एकदम वाटलं, आपण हिचं काही तरी चोरलं.

"अगं, ते तुझं नसेलच. काय असेल नसेल. कशावरून तुझा देव?"

"कशावरून नाही?"

"तू सांग ना. तुझी तर खात्री आहे."

"माझी कुठे खात्री आहे?" ती म्हणाली. "खात्री तुमची. मला फक्त आशा आहे."

पट्टीची गुंडाळी हातात घेऊन मेहुणा येरझारा घालत होता. "ताई, हे देवाचं मागाहून करा. दिवस चाललाय. आम्ही सगळ्यांनी बघितलंय, आत काळं कुत्रं नाही. हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही."

"सकाळी ह्यांनी मला हाक मारली," बायको म्हणाली. "मी ओ दिली नाही. म्हणजे मी घरात नव्हते का?"

मेहुणा पट्टीचं टोक शोधायला लागला.

"चला," ती नवऱ्याला म्हणाली. "मला दाखवा. आणि भिऊ नका, खूश आहे म्हणालात ना?"

"त्याचीच तर भीती वाटते गं," नाहीराव म्हणाले. "रागावलेलं असतं तर काय करायचं ते ठाऊक असतं माणसाला."

६

दोघं मागच्या बोळातून रंगमंचावर आली. फळ्या करकरल्या. समोर काळोखात खुर्च्यांच्या रांगा. पुढच्या दोनतीन बॅटरीच्या उजेडात, मागच्या नुसत्या अंदाजाने.

"मारा हाक," बायको कुजबुजली. "आणि थांबा."

"कोणी आहे का आत?"

ती दोघं थांबली. आवाज सज्ज्यापर्यंत गेला, तिथल्या लाकडाला लागला, निवला. त्यानंतरही ती थांबली. नाहीरावांना बायकोचा श्वास ऐकू येत होता, आपली नाडी ऐकू येत होती, आणि एका खुर्चीच्या पाठीत किडा लाकूड कातरत होता तेही ऐकू येत होतं.

ओ आली नाही.

किती वेळ आली नाही कोण जाणे. शेवटी नाहीरावांना सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी फार एकटंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, हे त्यांना पुढेही उमगलं नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती निराश झाली असेल, तिला काय म्हणावं, याची ते जुळवाजुळव करत होते.

ती निराश वगैरे काही नव्हती. काळोखाकडे बघत होती. दुसऱ्याच्या घरी बोलावल्यावर माणूस दारात उभं राहून हसतं, तशी हसत होती.

"बघ, नाही..." नाहीराव म्हणायला गेले.

पहिल्या रांगेतली एक बैठक सावकाश खाली गेली.

मग तिच्या शेजारची. मग तिच्या पलीकडची. मग मागची रांग. घाई नाही, गोंधळ नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी दिवे मंद होतात आणि लोक आपापल्या जागी टेकतात, कपड्यांची सळसळ होते, कुणी हळूच घसा साफ करतं, तसं. बॅटरीच्या उजेडात मखमल दबत होती, आणि दबलेल्या मखमलीवर काहीच नव्हतं. आवाज मागे मागे जात काळोखात शिरला, सज्जा चढला, आणि तिथेही बसत गेला. अगदी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत.

मग सगळं स्थिर झालं. अख्खं नाट्यगृह भरलं होतं, आणि ते दोघांकडे बघत होतं.

 नाहीरावांना पळावंसं वाटत होतं. हे एक आहे की अनेक, हेही त्यांना कळेना. त्या काळोखातून काही तरी येत होतं, उन्हात वाळलेल्या कपड्यांत तोंड खुपसावं तसं ऊबदार. आणि इतक्या भयात असूनसुद्धा त्यांना, शपथेवर, हसू फुटत होतं.

"अहो," बायको अगदी हळू म्हणाली, "आपण यांच्यावर गॅस सोडणार होतो."

त्यांनी तिचा हात धरला. दोघं मागे सरत सरत, पाठ न दाखवता, विंगेत आली.

७

नाहीराव दारात उभे राहिले. सगळे टवकारून बघायला लागले.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

असा शब्द त्या दारात यापूर्वी कुणी उच्चारला नव्हता. नळावरच्या माणसाने मेहुण्याकडे बघितलं.

"म्हणजे आहे का नाही?" मेहुणा म्हणाला.

"तेच माहीत नाही."

"मग शब्द मी म्हणतो. त्यात काय एवढं?"

"म्हण की," बहीण म्हणाली. "मात्र रीतसर म्हण. आत जा, एकटा, हाक मार, आणि थांब. मग ये बाहेर आणि म्हण."

मेहुणा शीळ वाजवत आत गेला. शीळ बोळापर्यंत ऐकू आली. मग त्याची हाक ऐकू आली, चांगली दणकट. मग काहीच ऐकू आलं नाही.

तो बाहेर आला तो चालतच आला, धावत नव्हे. चेहऱ्यावर भीती नव्हती. लहानपणी बहिणीने लपवलेला खाऊ सापडल्यावर तो जसा दिसायचा, तसा दिसत होता. त्याने नळावरच्या माणसाला बाजूला केलं, नळाला कुलूप घातलं आणि म्हणाला, "ब्रश काढा. हाताने औषध लावायचं. एकेक खुर्ची."

"का हो?" कुणी तरी विचारलं.

"लाकूड जुनं आहे," मेहुणा म्हणाला. "गॅस सोसायचा नाही."

आत काय झालं ते त्याने बहिणीलाही सांगितलं नाही. थट्टा मात्र नंतरचे काही दिवस जरा हळू आवाजात करायचा.

हाताने काम म्हणजे वेळखाऊ. दारं उघडली, पट्ट्या निघाल्या, ऊन आत आलं. नाहीरावांचं शेवटच्या माणसाचं काम गेलं. तसा नियमच होता, तिसऱ्यांदा शब्द ज्याला म्हणता आला नाही त्याला पुन्हा दारात उभं करत नाहीत. हातात ब्रश आणि डबी आली. लोकांना वाटलं, माणूस खचणार. माणूस गुणगुणत होता.

"मग काय नाहीराव," कामगार विचारत, "आता देव आहे ना?"

"नाही," नाहीराव म्हणत. "माझं मत तेच आहे."

"शंभर टक्के?"

"मत तेच आहे म्हटलं ना," ते म्हणत आणि ब्रश बुडवत.

बायको डबा घेऊन येई आणि वाटेवर उभी राहून बघत राही. रांगेतल्या काही खुर्च्यांच्या बैठका खाली असत. कामगार म्हणायचे, ओल्या औषधाने स्प्रिंग ढिल्या पडतात. नाहीराव काही बोलत नसत. तशा खुर्चीपाशी आले की ते जरा वाकत, आणि त्या खुर्चीशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारत, "जरा उठता का?"

बैठक हळूच वर मिटे. ते पायांना, पाठीला, हातांना औषध लावत, फडक्याने पुसत आणि पुढे जात.

एक दिवस कडेची एक खुर्ची उठली नाही. नाहीरावांनी पुन्हा विचारलं, मग ब्रश हातात धरून थांबले. बाहेर कुणी तरी हसत होतं, उन्हाचा पट्टा रांगेवरून सरकत होता. बैठक तशीच खाली, मखमल दबलेली.

"बरं, राहू दे," नाहीराव म्हणाले. "बसा सावकाश."

आणि तिच्या पायांना धक्का लागणार नाही अशा बेताने, कडेकडेने ते पुढच्या खुर्चीकडे गेले.